आजाऱ्याच्या भेटीला जाताना

आजाऱ्याच्या भेटीला रिकाम्या हाताने जायचे नाही, ही आपली रीत. पिशवीत मोसंबी, शहाळे, नाहीतर बिस्किटांचा पुडा असतोच. आणि इंदूरचा माणूस शेवेचे पाकीटही विसरत नाही. त्यामागची माया खरी. पण माया खरी म्हणून खाऊही योग्यच, असे आम्हांला वाटत नाही.

आपल्या शाळेतील एका विद्यार्थिनीच्या आजोबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावे लागते. भेटीला आलेल्यांनी एकाच आठवड्यात सात शहाळी आणि दोन डझन केळी आणली. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. निरोगी माणसाला ते चांगलेच. पण निकामी मूत्रपिंडाला ते पुरेसे बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात. पाहुणे ‘घोटभर तरी घ्या’ म्हणत समोर बसलेले; आजींना नाही म्हणवेना. शेवटी नातीनेच ग्लास उचलून आत नेला. तिचे कौतुक आहे, पण ही वेळ तिच्यावर यायला नको होती.

प्रत्येक आजाराचे पथ्य निराळे. मधुमेह्याला डब्यातला फळांचा रस नको. हृदयविकार वा रक्तदाब असलेल्याला शेव, लोणचे, पाकिटातले सूप नको. त्यांत मीठ फार. केमोथेरपीत प्रतिकारशक्ती खालावते, तेव्हा बाहेरून कापून आणलेली फळे नकोत.

मग न्यायचे काय? आधी घरी फोन करून विचारावे, ‘त्यांना काय चालते?’ यात संकोच कसला? मुगाची मऊ खिचडी चालत असेल तर थोडीच, ताजी न्यावी. काहीच चालत नसेल तर उशाशी रात्र जागणाऱ्यासाठी पोळीभाजीचा डबा न्यावा. त्याच्या जेवणाची आठवण सहसा कोणाला होत नाही.

विश्वस्त मंडळाला आमची एक विनंती आहे. आजारी शिक्षकांना संस्थेतर्फे फळांची करंडी पाठवण्याची प्रथा आहे. त्याच पैशांत, घरच्यांना विचारून, चार दिवसांचे डबे पोहोचवता येतील. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही सोबत एक पत्र द्या. त्याला कोणतेच पथ्य आड येत नाही.