शेवटाला मागचं सगळं आठवलं पाहिजे

गेमच्या शेवटच्या मिशनवर खेळाडूचा हक्क नसतो, असं एक गृहस्थ सध्या जिथे तिथे ठासून सांगत आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : शेवट लेखकाने लिहायचा, वाटेत 'हे की ते' विचारणं म्हणजे पोराच्या हातात खुळखुळा देणं, अनेक शेवट करायचे तर खर्च परवडत नाही. वर दाखला दिला तो वारीचा. पालखी कुठूनही जावो, पोहोचते पंढरपूरलाच, मग वाटेचं एवढं कौतुक कशाला?

हा दाखला निदान पालखीच्या वाटेवरच्या काटेवाडीत तरी चालायचा नाही. इथे तुकोबांच्या पालखीला परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. हे सगळं वगळून कुणी थेट पंढरपूरला उतरला, तर त्याची वारी झाली असं इथला एकही माणूस म्हणणार नाही. मुक्काम एकच असणं वेगळं आणि मुक्कामाला वाटेची दखलच नसणं वेगळं. गृहस्थांनी दोन्हींची सरमिसळ केली आहे.

2010 चा 'मास इफेक्ट 2' हा गेम घ्या. शेवटचं मिशन सगळ्यांना एकच : कलेक्टर्स या शत्रूच्या तळावर चाल करून जायचं. पण जहाजाचं चिलखत, ढाल, तोफ आधी सुधारून घेतली नसेल, तर तळ गाठायच्या आत साथीदार मरायला लागतात. पुढे अरुंद बोगद्यातून एकाला आत पाठवायचं असतं. जेकब हा साथीदार स्वतःहून पुढे येतो. त्याला पाठवलंत की तो गेला, कारण ते काम तंत्रज्ञाचं. तंत्रज्ञ टालीला पाठवलं तर निभावतं, पण दुसऱ्या तुकडीचा म्होरक्या चुकीचा निवडला असेल तर त्या चुकीपायी मरते ती टालीच. कलेक्टर्सनी जहाजावरची माणसं पळवून नेल्यावर तुम्ही इतर कामं उरकत बसलात, तर त्यांच्यातली केली चेंबर्स काचेमागे तुमच्या डोळ्यांदेखत विरघळते. दोन साथीदारही वाचले नाहीत तर तुम्ही खेळता तो नायक शेपर्डच मरतो, आणि तो सेव्ह पुढच्या भागात नेता येत नाही. हा खुळखुळा आहे? मिशन एकच आहे, आणि तरी दोन खेळाडूंना ते सारखं भेटत नाही.

उलट मार्च 2012 मध्ये 'मास इफेक्ट 3' ने गृहस्थांच्या मनासारखं केलं. तीन भागांत कुणाला वाचवलं, कुणाला मारलं, ते बहुतेक सगळं युद्धसज्जतेच्या एका आकड्यात जमा झालं आणि शेवटी लाल, निळा, हिरवा असे तीन स्फोट समोर ठेवले. खेळाडू खवळले. जूनमध्ये गेम करणाऱ्या कंपनीला वाढवलेला शेवट द्यावा लागला. गृहस्थ म्हणतात, खेळाडू लाडावले आहेत. नाही, निवडींना शेवटी किंमत असेल हा त्यांना दिलेला शब्द मोडला होता.  

खर्चाचं म्हणाल, तर 'अंडरटेल' (2015) मुख्यतः एकट्या टोबी फॉक्सने केला, आणि कुणाला मारलं याचा जाब त्यात शेवटी सॅन्स हे पात्र विचारतंच.

सरळ रेषेतल्या गेमशी माझं भांडण नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी'ने (2020) निवडीचा शब्द दिलाच नव्हता, तर तो मोडायचा प्रश्नच नाही. पण ज्याने शब्द दिला, त्याने शेवटच्या दालनात तीन दारं उभी करून सुटका करून घेऊ नये. 'द विचर 3' (2015) मध्ये नायकाची मानसकन्या सिरी खचलेली असताना 'सगळंच जमायला हवं असं नाही' म्हणत पेला पुढे करायचा, की तिला बर्फाचे गोळे फेकायला बाहेर न्यायचं, एवढीच निवड असते. त्या घडीला त्या निवडीवर महत्त्वाची म्हणून काही शिक्का नसतो. अशा चारदोन प्रसंगांवर शेवटी सिरी जिवंत परत येते की नाही हे ठरतं. खेळाडू बेसावध असताना जसा वागला, तेच शेवटच्या मिशनमध्ये उभं राहिलं पाहिजे.