शनिवारी थांबणारा घाणा



पवित्र शास्त्रात परमेश्वराने सगळ्यात आधी कशाला पवित्र ठरवलं? डोंगराला नाही, वेदीला नाही, मंदिरालाही नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात तिसऱ्या वचनात तो सातव्या दिवसाला आशीर्वाद देतो आणि तो दिवस पवित्र करतो. जळत्या झुडपापाशी मोशेला जोडे काढायला लावणारी भूमी पुढे निर्गमात येते, निवासमंडप तर त्याच्याही नंतर. आधी वेळ पवित्र झाली, जागा मागाहून.

आम्हा सेवकांच्या बैठकांत मात्र बहुतेक चर्चा जागेचीच असते. प्रार्थनेची खोली, पत्रे, रंग, क्रूस कुठे लावायचा. या गोष्टी लागतात, आम्ही नाकारत नाही. पण यहुदी लोकांनी येरुशलेमचं मंदिर इ.स. ७० मध्ये गमावलं, देश गमावला, आणि तरी ते टिकले. हातात उरला तो दिवस. दर सातव्या दिवशी तो पुन्हा येत राहिला, आणि तो कोणी जाळू शकलं नाही.

हिब्रूतला शब्द आहे 'कादोश'. मराठीत 'पवित्र' म्हटलं की आपल्याला स्वच्छ, सोवळं असं काहीतरी आठवतं. कादोशचा मूळ भाव वेगळं काढून ठेवलेलं असा आहे. शेतकऱ्याच्या घरात बियाण्याचं धान्य वेगळं काढून ठेवतात ना, आणि घरात टंचाई आली तरी त्याला हात लावत नाहीत, तसं. शब्बाथ म्हणजे सात दिवसांतलं असं बियाणं. आणि हे सात एका आठवड्यावर थांबत नाही. वल्हांडणापासून सात आठवडे मोजले की पन्नासावा दिवस येतो, तोच आपला पेंटेकॉस्ट. सातव्या महिन्यात प्रायश्चित्ताचा दिवस आणि मंडपांचा सण. सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती. सात वेळा सात वर्षं झाली की पन्नासावं वर्ष, योबेल, ज्यात बंदिवान सुटतो आणि गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत येते. लेवीय २५ एकदा मोठ्याने वाचा. मृगबाग संपत नाही तोवर कांदेबाग, आणि त्यातूनच पुन्हा पिलबाग धरणाऱ्या आपल्या भागात तो अध्याय वाचला की शेतकरी गप्प होतात.

या सगळ्याची साक्ष मराठी भाषेतच आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक जहाज फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. ग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू भाषाही हळूहळू विसरली गेली. गावोगाव पसरून ते दिवेकर, केहिमकर, रोहेकर झाले आणि तेल गाळायचा धंदा करू लागले. कोकणात तेली इतरही होते. पण यांचा घाणा शनिवारी फिरत नसे, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नावच दिलं, 'शनवार तेली'. या नावात त्यांच्या देवाबद्दल किंवा ग्रंथाबद्दल काही नाही. घाण्याच्या आवाजाशेजारी राहणाऱ्यांना जे कळलं तेवढंच त्यात आहे, की सहा दिवस आवाज येतो आणि सातव्या दिवशी येत नाही.

त्यांचे सणही मराठी झाले. प्रायश्चित्ताच्या दिवसाला ते 'दारफाळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशी दारं बंद करून, पांढरे कपडे घालून घरात राहायचं. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', त्यात दानधर्म आणि भेटीगाठी. मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास तो 'बिरड्याचा रोजा'. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या या समाजाच्या इतिहासात ही नावं नोंदलेली आहेत. आपल्याकडे डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं, अमेरिकन मराठी मिशनने या समाजाच्या मुलांसाठी शाळा चालवल्या. हे आपण ख्रिस्ती लोक अभिमानाने सांगतो, आणि सांगावंच. पण शब्बाथ ते आपल्या शाळा येण्याआधीपासून पाळत होते, तोही पुस्तकाशिवाय.

आता घाण्याकडे पुन्हा बघा. घाणा बंद म्हणजे मालक बसला एवढंच नाही. डोळ्याला झापड बांधून गोल फिरणारा बैल त्या दिवशी सुटला. घाण्यावरचा गडी सुटला. अनुवाद पाचव्या अध्यायातली आज्ञा अगदी हेच सांगते. दास, दासी, बैल, गाढव, दाराशी राहणारा परका, सगळ्यांची नावं घेऊन. आणि कारण काय देते? निर्गमात कारण सृष्टीचं आहे. इथे कारण असं, की तुम्ही स्वतः मिसरात गुलाम होता. गुलामाला स्वतःची वेळ नसते, तेव्हा सुटलेल्या माणसाने दुसऱ्याची वेळ बांधून ठेवू नये. आमच्या मते शब्बाथच्या पावित्र्याचा गाभा इथे आहे, आणि नेमका तोच आपल्या प्रवचनांतून निसटतो. आपण ऐकतो ते एवढंच, की परुश्यांनी शब्बाथचं ओझं केलं आणि येशूने ते उतरवलं. प्रभू स्वतः रिवाजाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात जात असे, लूक ४:१६ पाहा. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडलाच पाहिजे, हे यहुदी गुरूही शिकवतात. आणि प्रभूच्या देहासाठी सुगंधी द्रव्यं तयार करून बसलेल्या त्या स्त्रिया? लूक २३:५६ सांगतं, की शब्बाथ दिवशी त्या थांबल्या. एवढ्या दुःखातही.

आपला रविवार पुनरुत्थानाचा आहे, तो शनिवार नव्हे, हे आम्हाला ठाऊक आहे, त्यावर वाद घालायचा नाही. पण रविवारची सरकारी सुट्टी कुठून आली ते पाहण्यासारखं आहे. इ.स. ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने न्यायालयं, शहरातले लोक आणि कारखाने यांना रविवारी विश्रांती दिली. शेतीला मात्र त्याने मोकळीक ठेवली, पेरणीचा नेमका दिवस हुकू नये म्हणून. मोशेच्या नियमशास्त्रात, निर्गम ३४:२१ मध्ये, बरोबर उलट आहे. नांगरणी असो की कापणी, तेव्हाही थांबा. म्हणजे शेतमजूर बादशहाच्या रविवारात नव्हता, देवाच्या शब्बाथात होता.

फोपनार आणि आसपासच्या वस्त्यांत आजही तो बादशहाचाच रविवार आहे. केळीची कापणी बारा महिने चालते. व्यापाऱ्याचा ट्रक लागला की घड खाली यायलाच हवेत. कापसाच्या वेचणीत बायका किलोवर पैसे घेतात, एक दिवस गेला की तेवढे किलो गेले. मिस्सेला कोण आलं नाही हे आम्ही रविवारी मोजतो. ते कोणाच्या शेतात होते हे मोजत नाही. आणि कधी कधी ते शेत आपल्याच मंडळीतल्या माणसाचं असतं. तो पहिल्या रांगेत, त्याचे मजूर बांधावर. या रविवाराला आम्ही पवित्र म्हणायला कचरतो. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं, मग माणसाचं काय?

म्हणून दोन गोष्टी मांडतो. आपल्यातल्या जमीनवाल्यांनी आणि मुकादमांनी शनिवारी संध्याकाळी हिशेब चुकता करावा आणि रविवारी कापणी लावू नये. ट्रकवाल्याला एक दिवस आधी सांगितलं तर तो ऐकतो, मुहूर्त आणि लग्नसराईसाठी ऐकतोच की. मन्नाच्या वेळी सहाव्या दिवशी दुप्पट मिळत होतं, ते याचसाठी. सहा दिवसांची मजुरी अशी असावी की सातव्या दिवशी चूल पेटेल.

दुसरी गोष्ट, जे परक्याच्या शेतात आहेत आणि ज्यांना रविवार मिळणारच नाही, त्यांच्यासाठी. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातही आधी संध्याकाळ येते आणि मग सकाळ. आपल्या ख्रिस्तसभेतही शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते. मग ती इथे का नको? फादर दर आठवड्याला येऊ शकणार नाहीत, मग उरलेल्या शनिवारी वचन आणि प्रार्थना आपण चालवू. वेळ आठची ठेवावी, सातची नको. बायका शेतातून येतात, पाणी भरतात, भाकरी टाकतात, तेव्हा कुठे मोकळ्या होतात.