बंद दाराआड पाऊण तास

स्वमग्न मुलांच्या थेरपी केंद्रांची मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच. बाहेर चपलांचं स्टँड, बाकडी, पाण्याचा कूलर. आत दोन-तीन छोट्या खोल्या आणि त्यांची बंद दारं. मूल आत जातं, आई बाहेर बसते. पाऊण तासाने दार उघडतं. आतली ताई मुलाचा हात आईच्या हातात देते आणि दारातच सांगते, "आज छान बसला," किंवा "आज जरा चिडचिड होती." तोवर पुढचं मूल चपला काढत असतं. पावती फाटते ती पाऊण तासाची. दारातल्या त्या दोन मिनिटांचे पैसे कुणी मागत नाही, कुणी देत नाही.

माझ्या मते हा हिशेबच उलटा आहे. आठवड्यातले दोन-तीन तास मूल त्या खोलीत असतं, बाकी सगळा वेळ घरी. त्या घराशी जे बोलणं व्हायला हवं, ते दारात उभ्याउभ्या उरकलं जातं.

आणि ते बोलणारी ताई कोण? बहुतेक वेळा मानसशास्त्रात एम.ए. झालेली, पंचविशीच्या आसपासची मुलगी. कार्डावर 'सहायक मानसशास्त्रज्ञ' किंवा 'ज्युनियर सायकॉलॉजिस्ट' असं काहीतरी. पालकांसाठी मॅडम. १९९२च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट यांना नोंदणी बंधनकारक केली. नोंदणीशिवाय व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये हा आकडा आज वाचताना हसू येतं, ते असो. नुसत्या एम.ए.वर ही नोंदणी मिळत नाही, म्हणून ही ताई कायम 'कुणाच्या तरी देखरेखीखाली' काम करते. ही देखरेख आठवड्याला तासभराची आहे की महिन्यातून एकदा फाइलवर सही करण्यापुरती, हे केंद्रागणिक बदलतं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत 'असिस्टंट सायकॉलॉजिस्ट' हे रीतसर पद आहे. त्याला वेतनश्रेणी आहे आणि नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाची नियमित देखरेख हा त्या नोकरीचाच भाग मानला जातो. तिथेही पगार फार नाही. पण आपलं काम काय आणि अडलं तर कुणाला विचारायचं, हे तिथल्या मुलीला ठाऊक असतं.

आपल्याकडची ही मुलगी दिवसभर काय करते? चित्रांची कार्डं लॅमिनेट करून त्यांना वेल्क्रो लावते. शाळेसाठी पत्र लिहिते, शाळेने ते वाचलं का म्हणून फोन करते. मुलाने चावलं तर हात धुऊन पुढच्या मुलाला घेते. आणि प्रश्नावल्या भरते.

त्यातली एक प्रश्नावली आपल्याकडे महत्त्वाची. 'इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम', सगळे 'इसा' म्हणतात. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत ती तयार झाली. सहा भाग, चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या खाली आली तर स्वमग्नता नाही. सत्तर ते एकशे सहा सौम्य, एकशे सात ते एकशे त्रेपन्न मध्यम, त्यापुढे तीव्र. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि त्याच्या प्रमाणपत्राची वाट या बेरजेतून जाते. अंतिम मोजमाप आणि सही वरिष्ठांची. पण घरच्यांकडून माहिती काढण्याचं निम्मं काम या ताईच्या वाट्याला येतं.

पहिलाच मुद्दा नजरेला नजर न देण्याचा. एक गुण म्हणजे क्वचित, वीस टक्क्यांपर्यंत. पाच म्हणजे जवळजवळ नेहमीच. आई म्हणते, "माझ्याकडे बघतो की!" आजी म्हणते, "हाक मारली तर वळूनही बघत नाही." वडील मोबाइलवरून डोकं न काढता म्हणतात, "मीही चार वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो." तिघंही खरं सांगत असतात. यातून टक्केवारी काढायची म्हणजे 'कधी बघतो, काय हवं असताना बघतो, कुकरची शिट्टी झाली तर काय करतो, गणपतीत ढोल वाजले तेव्हा काय केलं' असं घरातल्या दिवसात शिरून विचारावं लागतं. शेवटचा, चाळिसावा मुद्दा असामान्य कौशल्याचा. तिथे घरचे पहिल्यांदा हसतात. सोसायटीतल्या सगळ्या गाड्यांचे नंबर पाठ असल्याचं कळतं, पुढल्या वर्षी दसरा कोणत्या वारी हेही. आणि अशा वेळी नीट ऐकणाऱ्या ताईच्या हाती बेरजेपेक्षा जास्त काही लागतं.

मुंबईतलं एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये इतकं बदलून. एक मुलगा दिवसभर लोकलमधली उद्घोषणा म्हणायचा, "पुढील स्टेशन दादर", अगदी त्याच सुरात. स्वतःहून दुसरं वाक्य नाही. घरी सगळे कंटाळलेले. आधीच्या केंद्रात ही बडबड 'थांबवायची' यादीत होती. सहायक ताईने आईला एकच गोष्ट लिहून ठेवायला सांगितली: तो हे कधी म्हणतो? दोन आठवड्यांच्या नोंदीत दिसलं, की हे वाक्य बहुतेक वेळा दाराजवळ, चपलांपाशी किंवा कंटाळा आल्यावर येतं. त्याला बाहेर जायचं असायचं. तो मागणी करत होता आणि घरात ती कुणालाच मागणी म्हणून ऐकू येत नव्हती. मग आईने त्या क्षणी "बाहेर जायचं" एवढंच म्हणायचं आणि खरोखर दोन मिनिटं बाहेर न्यायचं, असं ठरलं. पाठ केलेली वाक्यं पुन्हापुन्हा म्हणण्यात पुष्कळदा अर्थ दडलेला असतो, हे पुस्तकात सगळेच वाचतात. पण तो अर्थ घरातल्या दाराजवळ सापडतो. पाऊण तासाच्या खोलीत लोकलही नसते आणि चपलाही नसतात.

डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली मांडलं, की स्वमग्न आणि इतर माणसांमधला बेबनाव दुहेरी असतो. आपल्यालाही ते कळत नाहीत. मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. आपल्या केंद्रांमध्ये अजूनही सगळी दुरुस्ती एकाच बाजूची चालते.

आता गोव्याची गोष्ट, आणि ती इथल्या फार थोड्या पालकांना माहीत असते याचं मला नवल वाटतं. मँचेस्टरमध्ये जोनाथन ग्रीन आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत बसवली होती. थेरपिस्ट मुलाला फारसं काही शिकवत नाही. आई किंवा वडील मुलाशी खेळतात, त्याचं चित्रीकरण होतं आणि मग थेरपिस्ट व पालक मिळून ते पाहतात. इथं थांबू या. इथं त्याने तुमच्याकडे पाहिलं, दिसलं का? इथं तो गाडीचं चाक फिरवत होता आणि तुम्ही 'रंग कोणता' विचारलंत. त्याऐवजी चाकाबद्दलच बोललात तर? ब्रिटनमध्ये हे काम प्रशिक्षित स्पीच थेरपिस्ट करत. प्रश्न असा होता, की जिथे असे तज्ज्ञ मोजकेच, तिथे काय? गोव्याची 'संगात' ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीतला गट यांनी मिळून ही पद्धत आपल्याकडच्या घरांना जुळवून घेतली आणि तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या व देखरेखीखालच्या कार्यकर्त्यांच्या हाती दिली. सहा महिन्यांत बारा बैठका. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं, त्यांतल्या निम्म्यांना ही पद्धत आणि उरलेल्यांना नेहमीची सेवा. निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आले. पालक मुलाच्या कलाने बोलू लागले, आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. आई आणि मूल मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला. संशोधकांनी तेही लपवलं नाही. अभ्यास लहान होता आणि एवढ्यावर कुणी चमत्काराची जाहिरात करू नये. तरी आपल्या प्रश्नापुरतं त्यातलं उत्तर स्पष्ट आहे: पदवीने तज्ज्ञ नसलेला माणूस हे काम करू शकतो. अट एवढीच, की त्याला शिकवलेलं असावं, वर विचारायला कुणी असावं आणि पालक खोलीत असावेत.

यातली गंमत बघा. 'मोबाइलमुळेच झालंय' हे वाक्य या घरांना नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून आणि हल्ली रील्समधूनही ऐकावं लागतं. आणि मुलाने तिच्याकडे टाकलेली नजर आईला चित्रीकरणात दाखवायला लागतं ते यंत्र म्हणजे तोच मोबाइल.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मी हलका मानत नाही. आईला खोलीत घ्या म्हणजे आईवर आणखी एक काम टाका. डबा, शाळा, सासरचं ऐकणं, रात्री न झोपणारं मूल, आणि आता ती थेरपिस्टही. या भीतीला इतिहास आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून ही अवस्था मांडली, तेव्हाच पालकांच्या थंडपणाबद्दल दोन शब्द लिहून ठेवले होते. पुढे शिकागोत ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७च्या पुस्तकातून दोषाचं सगळं ओझं आईवर ठेवलं. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न मुलाचा बाप होता, तीन वर्षं आधीच हे मत खोडून काढलं होतं, तरी आयांना ते ऐकत राहावं लागलं. आपल्याकडे बेटेलहाइम कुणी वाचलेला नसतो, पण 'तूच लाडावलंस', 'तू नोकरी करत होतीस' ही वाक्यं त्याच्याशिवायही पाठ असतात.

म्हणून आईला आत बोलावताना ती कोणत्या नात्याने आत येते, हे पाहावं लागतं. 'घरी रोज दोन तास हे करा' असा कागद तिच्या हातात ठेवणारी ताई तिचं ओझं वाढवते. याउलट चित्रीकरण थांबवून 'हे तुम्ही आधीच करताय, इथं बघा' म्हणणारी ताई तिला काहीतरी देते. आणि चालू दिवसातच, आंघोळीच्या वेळी, कणीक मळताना, जे होईल तेवढंच मागायचं. दिल्लीच्या 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम'ने पालक आणि मुलांना एकत्र शिकवण्याचे तीन महिन्यांचे वर्ग चालवले. ही संस्था मेरी बारुआ यांनी, एका स्वमग्न मुलाच्या आईने, १९९१ साली उभी केली. आईला माहीतगार मानूनच त्या कामाची सुरुवात झाली.

'बोलेल का हो?' हा प्रश्नही दारातच विचारला जातो आणि दारात त्याचं उत्तर देता येत नाही. घाबरलेली सहायक 'बोलेल, बोलेल' म्हणते किंवा 'मोठ्या मॅडमना विचारा' म्हणते. बसून बोलायला वेळ असेल तर सांगण्यासारखं पुष्कळ आहे. २०१३ साली 'पेडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात ५३५ मुलांचा अभ्यास आला. चार वर्षांपर्यंत शब्द जोडून न बोलणाऱ्या या मुलांपैकी सुमारे ७० टक्के पुढे छोटी वाक्यं बोलू लागली, आणि जवळपास निम्मी सफाईने. म्हणजे चार वर्षांनंतर दार बंद होत नाही. पण उरलेल्या तिसांतही कुणाचं तरी मूल असतं. त्याच्यासाठी चित्रांची कार्डं, खुणा, टॅब यांनाही बोलणंच मानावं लागतं, हेही त्याच बैठकीत सांगायला हवं. असं मोकळेपणी ऐकलेले पालक स्टेम सेलच्या इंजेक्शनने मूल बरं करू म्हणणाऱ्या जाहिरातींकडे कमी वळतील, असं मला वाटतं. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही विकार वगळता स्टेम सेलचा वापर संशोधनापुरताच आहे. तरी घर गहाण टाकून ते इंजेक्शन घ्यायला जाणारी कुटुंबं आहेत.

सहायक ताईला काय येत नाही, हेही तिला शिकवलेलं असावं. आलेले शब्द अचानक गेले, मूल एकटक बघत राहतं आणि हाक पोहोचत नाही, झोपेत झटके येतात, तर ते कार्डांचं काम नाही. स्वमग्न मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण जास्त असतं आणि त्या दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं असतं. जिच्यावर रोज आठ मुलं आणि महिन्यातून एक सही एवढीच देखरेख आहे, तिने हे नेमकं ओळखावं ही अपेक्षा अन्यायाची आहे.

सरकारी बाजूला रचना कागदावर आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत स्वमग्नता आहे आणि जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मानसशास्त्रज्ञाचं पदही. अख्ख्या जिल्ह्याला एक. त्या एकाने तपासायचं, प्रमाणपत्राची कामं करायची आणि घराशीही बोलायचं. त्याच्या हाताखाली चार-पाच सहायक पदं, पगारासह आणि ठरलेल्या देखरेखीसह, का नसावीत? गोव्याचा अनुभव समोर आहे.

खासगी केंद्रचालकांशी हा विषय काढला की ठराविक उत्तरं येतात. खोली लहान आहे. आई आत असली की मूल रडतं. पालकांनाच नको असतं, ते म्हणतात आम्ही मुलाच्या तासाचे पैसे देतो. शेवटचं उत्तर खरं आहे, आणि म्हणूनच बदल पावतीपासून करावा. महिन्याला आठ तास ठरले असतील तर त्यातले दोन पालकांच्या नावाने लिहावेत, त्याच दराने. एक चित्रीकरण बघायला, एक नुसतं बोलायला. सहायक ताईला त्या दोन तासांचाही पगार द्यावा, आणि त्यानंतर वरिष्ठांसोबत अर्धा तास. आणि हे दोन तास शनिवारी संध्याकाळी ठेवावेत, म्हणजे वडिलांना ऑफिसचं कारण सांगता येणार नाही.