एका प्याल्याची मंडळी

खरवई आता गाव म्हणून नावापुरतेच उरले आहे. बदलापूर पूर्वेच्या वस्तीत ते कधीच मिसळून गेले. एका अंगाला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या इमारती, आणि मधल्या रस्त्याने पहाटेच्या लोकलसाठी स्टेशनकडे निघालेली माणसे. या वस्तीत आपण मराठी ख्रिस्ती कुटुंबेही येऊन राहिलो. कोणाचे मूळ नगरकडचे, कोणाचे जालन्याकडचे, कोणाचे कोल्हापूर-मिरजेचे. मुंबईतली खोली परवडेना म्हणून आलेले तर कितीतरी. येताना आपण 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक आणले, आजीने समासात खुणा केलेले बायबल आणले, दारावर लावायची वचनाची पाटी आणली. त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली, जिच्याविषयी आपण मंडळीत कधी बोलत नाही: समोरच्या माणसाची पायरी पाहून त्याला वागवण्याची, पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलेली सवय.

आपल्या प्रार्थना ऐकल्या तर परक्या माणसाला वाटेल, इतके नम्र लोक दुसरीकडे शोधून सापडायचे नाहीत. आपण स्वतःला धूळ म्हणवतो, अपात्र म्हणवतो, सर्व गौरव देवाला वाहतो. हे सगळे आपण डोळे मिटून म्हणतो आणि डोळे उघडले की पहिल्या रांगेत कोण बसले आहे ते पाहतो. वर्धापनदिनाला व्यासपीठावर खुर्ची कोणाला मिळाली, पत्रिकेत नाव कोणाचे आधी छापले, शाल-श्रीफळ देताना कोण राहून गेले, यावरून धरलेले अबोले वर्षानुवर्षे टिकतात. मंडळीच्या जागेवरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात, आणि तारखेला निघण्याआधी दोघेही गुडघे टेकून त्याच देवाकडे निकाल मागतात. देवापुढे लहान होणे आपल्याला जड जात नाही, कारण त्याने आपली खुर्ची कधी घेतलेली नसते. शेजारच्या माणसापुढे लहान होणे मात्र आपल्याला सोसत नाही. योहानाने आपल्या पहिल्या पत्रात हेच विचारले आहे: डोळ्यांपुढच्या भावावर ज्याची प्रीती नाही, तो न पाहिलेल्या देवावर प्रीती करतो हे मानायचे कसे? हे पत्र आपण सर्वांनी अनेकदा वाचले आहे, आणि तरीही तो प्रश्न आपल्याला उद्देशून आहे असे आपल्याला वाटलेले नाही.

प्रभुभोजनाचा विचार करा. एक भाकर, एक प्याला. आपल्या पणजोबांच्या काळात या प्याल्याची किंमत भयंकर होती. गावात ज्याची सावली टाळली जाई, ज्याला पाणी वरून ओंजळीत ओतले जाई, त्याने ओठ लावलेल्या प्याल्याला दुसऱ्या जातीतून आलेल्याने ओठ लावायचे, म्हणजे घर, वतन, सोयरिक साऱ्यावर पाणी सोडायचे. त्या भीतीने किती जण प्याल्यापर्यंत येऊन मागे फिरले असतील. जे पुढे गेले त्यांच्यामुळे आज आपण आहोत. प्याला पुढे आला म्हणजे आपण गंभीर होतो, काहींचे डोळे भरूनही येतात. मग आपण घरी जातो.

घरी, स्वयंपाकघरात, एक वेगळा कप असतो. बहुधा कान तुटलेला, नाहीतर पोचे पडलेला स्टीलचा पेला. तो आपल्या कपांच्या फळीवर नसतो. खिडकीच्या कठड्यावर नाहीतर मोरीच्या कडेला पालथा असतो. धुणी-भांडी करायला येणाऱ्या बाईला त्यातून चहा मिळतो. ती तो जमिनीवर बसून पिते, स्वतः विसळते आणि पुन्हा तिथेच पालथा घालते. तिला कोणी तसे सांगावे लागत नाही. तिला ते ठाऊक असते, कारण तिच्या आईलाही असेच एक भांडे होते. तिला आपण मावशी म्हणतो. आपली मुले तिच्या कडेवर वाढतात, ताप आला की तिच्या मांडीवर झोपतात, आणि तिच्या ओठांचा कप मात्र आपल्या कपांत मिसळलेला आपल्याला चालत नाही. विचारले तर आपण स्वच्छतेचे कारण देतो. आपल्या पणजीलाही अगदी हेच कारण दिले जात होते. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर माणसे पाण्यासाठी गेली, तेव्हा त्यांना झोडपणाऱ्यांनीही तळे बाटल्याचे सांगून त्याच्या शुद्धीचा घाट घातला होता. ज्यांच्या वाडवडिलांना पाणवठ्यावरून हाकलले, त्यांच्याच नातवंडांच्या ओट्याशेजारी आज हे भांडे पालथे पडले आहे, आणि आपल्याला ते दिसतही नाही. येशू शोमरोनातल्या विहिरीवर बसला होता तेव्हा त्याच्याजवळ पोहरा नव्हता. ज्या लोकांच्या भांड्याला त्याचे लोक शिवत नसत, त्यांच्यातल्या एका बाईकडे त्याने पाणी मागितले. देणाऱ्याच्या जागी न बसता तो मागणारा झाला. आपण त्या प्रसंगावर प्रवचने ऐकतो ती त्या बाईच्या पापांविषयी.

ही सवय सुटत नाही असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही, कारण ती सुटल्याचा पुरावा आपल्याच घरात आहे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे प्राथमिक शिक्षण आपल्या शेजारच्या कल्याणला झाले. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या नवऱ्याजवळ नगरला आल्या त्याही सोवळे सांभाळूनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. त्यांचा विटाळ कोणाच्या उपदेशाने गेला नाही. त्यांनी स्वतःशीच विचार केला: या जाती देवाने केल्या असतील तर माणसांत तशी काही खूण दिसली असती. ती दिसेना, तेव्हा जाती माणसांनी केल्या, एवढ्या निष्कर्षावर त्या आल्या, आणि आल्यावर थांबल्या नाहीत. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांच्या हातचे त्या जेवू-खाऊ लागल्या. त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' आपल्या बहुतेक घरांत आहे. त्यातल्या गमती आपल्याला पाठ असतात. पण एका कर्मठ घरातल्या, फारशी शाळा न शिकलेल्या बाईने आपल्या ओट्यापासून देवाला घरात घेतले, ही त्यातली खरी घटना आपण गमतीखाली झाकून टाकली आहे. बाप्तिस्मा नंतर, 1900 मध्ये झाला. ओटा आधी बदलला.

पंडिता रमाबाईंचेही आपण तेच केले. कलकत्त्याच्या पंडितांनी 1878 मध्ये जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले, ती बाई पुढे केडगावला दुष्काळात सापडलेल्या मुलींच्या जखमा धुण्यात आणि त्यांना वाचता यावे म्हणून सोप्या मराठीत बायबल आणण्यात आयुष्य घालवते. त्यासाठी ती हिब्रू आणि ग्रीक शिकते. ते भाषांतर छापून पुरे झालेले पाहायला ती राहिली नाही. ती 1922 मध्ये गेली, ग्रंथ 1924 मध्ये आला. आपण तिची तसबीर लावतो आणि तिच्या नावाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेसाठी भांडतो.

आता जातीविषयी बोलले पाहिजे, आणि ते बोलताना आपल्याला फार त्रास होणार आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले. 1956 साली शीख, 1990 साली बौद्ध त्या यादीत आले. आपली याचिका 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. 2022 मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोगही नेमला. ही मागणी न्यायाची आहे आणि ती मान्य झालीच पाहिजे. धर्म बदलला म्हणून जात सुटत नाही, असे आपण तिथे शपथेवर सांगतो, आणि ते खरेच आहे. पण त्याच तोंडाने आपण मंडळीत सांगतो की ख्रिस्तात जात नाही. बाहेर जिचा पुरावा देतो, तिला घरात आपणच पोसतो. 2016 मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे धोरण जाहीर केले तेव्हा चर्चच्या आत भेदभाव आहे हे तिने लेखी मान्य केले. गोव्यात तर चर्चमधल्या कोन्फ्रारियांचे, म्हणजे बंधुमंडळांचे, सभासदत्व आणि त्यांच्या अंगरख्यांचे रंगसुद्धा जातीवरून ठरत आले. आपल्या इथल्या प्रोटेस्टंट मंडळीत अशी लेखी कबुली देण्याचे धाडस आपण दाखवलेले नाही.

स्थळ पाहायला गेलेल्या घरात बसून पाहा. मुलीचे शिक्षण विचारले जाते, नोकरी विचारली जाते, ती रविवारच्या शाळेत शिकवते हे ऐकून माना डोलतात. मग चहा झाल्यावर, आवाज जरा खाली आणून, कोणीतरी वडीलधारे विचारतात, "तुमचं मूळ आडनाव काय?" पुढचा प्रश्न गावाचा असतो, आणि त्यापुढचा गावातल्या वस्तीचा. महारवाड्यातून आलेला ख्रिस्ती आणि मांगवाड्यातून आलेला ख्रिस्ती, दोघेही गावकुसाबाहेरचे, दोघांच्या आजोबांना एकाच मिशनऱ्याने एकाच ओढ्यात बाप्तिस्मा दिलेला असू शकतो. तरी घरी परतल्यावर निरोप जातो: मुलगी श्रद्धावान आहे, पण आमच्यात बसत नाही. आणि त्या मुलीला पुढच्या रविवारी त्याच माणसांच्या मागच्या बाकावर बसून शांतीचे अभिवादन करायचे असते. तिने कोणाच्या हातात हात द्यायचा? डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याविषयी हाच प्रश्न विचारला होता, की धर्मांतराने त्याचे दुःख सरले काय. आणि त्यांचे उत्तर नकाराचे होते. आपण त्या उत्तरावर रागावलो. ते खोटे ठरवण्याचे काम मात्र आपण हाती घेतले नाही.

देवाला रोजच्या जगण्याच्या मध्यभागी ठेवायचे म्हणजे प्रार्थनासभा वाढवायच्या, असा आपण अर्थ केला आहे. आठवड्यात उपवास-प्रार्थना आहे, घरोघरीची सभा आहे, रात्रभराची प्रार्थना आहे. आणि सभेहून परतताना स्टेशनबाहेर बसलेल्या कातकरी बाईशी आपण शेवळांच्या जुडीवरून पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. ती पहाटे डोंगरात गेलेली असते, शेवळांबरोबर लागतात म्हणून मूठभर काकडंही तिने वेचून आणलेली असतात. आपण जुडी उलटीसुलटी करून खाली टाकतो, दोन पावले पुढे जातो, तिने हाक मारावी म्हणून. ती हाक मारते, कारण तिला संध्याकाळी तांदूळ घ्यायचे असतात. प्रार्थनेतही हेच होते. 2024 च्या जानेवारीत खरवईच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार दगावला. त्या आठवड्यात आपल्यातल्या किती घरांच्या कौटुंबिक प्रार्थनेत त्याच्या घरच्यांसाठी एक वाक्य निघाले? परदेशच्या व्हिसासाठी, मुलाच्या प्रवेशासाठी, फ्लॅटच्या कर्जासाठी आपण नावानिशी प्रार्थना करतो. जी माणसे आपल्यापेक्षा खाली आहेत असे आपण धरून चालतो, त्यांना आपल्या प्रार्थनेत नाव नसते.

पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी होतो. ज्यांचे पाय धुवायचे ते बारा जण आधी ठरलेले असतात आणि घरून पाय स्वच्छ धुऊन, नवे मोजे घालून येतात. 2013 साली पोप फ्रान्सिस रोममधल्या मुलांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या बारा जणांचे पाय त्यांनी धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. त्याच वर्षी आपल्या संसदेने हाताने मैला साफ करवून घेण्यास बंदी घालणारा कायदा नव्याने केला. तरी गटारात उतरून माणसे मरत राहिली, इतकी की 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला भरपाईची रक्कम 30 लाखांवर न्यावी लागली. आपल्या सोसायटीची टाकी तुंबली की आपणही फोन करतो, स्वस्तात कोण येईल ते विचारतो, आणि तो आत उतरतो तेव्हा खिडकी लावून घेतो. कमिटीवर आपल्यातले लोक आहेत. यंत्र मागवण्याचा ठराव त्यांना मांडता येतो.

लहान होण्याची वाट टिळकांनी दाखवली होती. 1917 मध्ये, पंचावन्नीत, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा बंधुसमाज उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोचलेल्या त्या माणसाला पुरते कळले होते की लहान होण्याची वाट या मातीत आधीपासून आहे आणि ती कोणा एका संस्थेच्या ताब्यात नाही. दोन वर्षांत ते गेले. त्यांची गीते आपण दर रविवारी गातो, दरबाराची आठवण मात्र कोणी काढत नाही.

आपली तरुण मुले पायरी पाहण्याच्या या सवयीपासून दूर चालली आहेत. मूळ आडनाव त्यांना माहीत नसते आणि जाणून घ्यायचेही नसते. मंडळीतच ओळख झालेली दोघे लग्न ठरवतात, आणि आपण त्याला हट्ट म्हणतो, पाळकांना मध्ये घालतो, आईच्या रक्तदाबाची भीती घालतो. पाळकांनी अशा वेळी दोन्ही घरांत जाऊन मुलांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे, आणि पंचांनी त्यांच्या पाठीशी. लग्नाची पुकार तीन रविवार होते. त्या तीन आठवड्यांत मंडळीतल्या घरांनी दोन्हीकडच्या आईवडिलांना आपल्याकडे जेवायला बोलवावे, त्यांच्याकडे जेवायला जावे, आणि त्या पंगतीला घरकाम करणाऱ्या मावशींनाही बोलवून आपल्या शेजारी, आपल्याच ताट-पेल्यांत वाढावे. हे येत्या महिन्यात सुरू करता येईल. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.