फोटो काढायचा, चित्र लिहायचे

एप्रिल उजाडला की आपल्या बेळगावात भिंतींवर आणि रिक्षांच्या पाठीवर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. पोहणे, अबॅकस, स्पोकन इंग्लिश, कीबोर्ड आणि शेवटी जागा उरली म्हणून ‘ड्रॉइंग’. मुलाने सुट्टीत काय केले, या प्रश्नाला आता प्रमाणपत्र दाखवून उत्तर द्यावे लागते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी राहायला आलेल्या भाचीकडे असे एकही प्रमाणपत्र नाही. तिच्याकडे एक भरलेली वही आहे. त्या वहीविषयी आज लिहायचे आहे.

भाची म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी, धारवाडची. आमचे सासर कानडी आणि माझे माहेर मराठी. त्यामुळे ती मला कधी ‘मामी’ म्हणते, कधी ‘अत्ती’. पीयूसी आणि सीईटी दोन्ही आटोपून ती आली ती रुसूनच. तिला कलाशाळेत जायचे होते आणि वडिलांना ते मान्य नव्हते. ‘चित्रा बरदु होट्टी तुंबतैतेनु?’ चित्रे काढून पोट भरते का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. बँकेत नोकरी करून दोन मुलांना शिकवणाऱ्या बापाचा हा प्रश्न खोटा आहे असे कोण म्हणेल? घरात बोलणे बंद झाले, तेव्हा नणंदेने तिला महिनाभरासाठी आमच्याकडे पाठवून दिले.

ती आली तो आठवडा अक्षय तृतीयेचा. आपल्याकडे शिवजयंती वैशाखात होते आणि बसव जयंतीही त्याच सुमाराला येते. सगळे गाव रस्त्यावर असते. चित्ररथांच्या मिरवणुकीच्या रात्री ही पोरगी पहाटेपर्यंत जागली आणि मोबाईलवर चारशेच्या वर फोटो काढून आली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते ती बोटाने पुढे सरकवत होती. थोड्या वेळाने मोबाईल उशीखाली ठेवून म्हणाली, “अत्ती, यातला कुठला देखावा कुठल्या गल्लीचा, मला एकही आठवत नाही. मी बघितलंच नाही बहुतेक.”

मी कलेची जाणकार नव्हे, कॉलेजात मराठी शिकवते. पण तिच्या बोलण्यावरून एक गोष्ट ध्यानात आली. मराठीत आपण फोटोही ‘काढतो’ आणि चित्रही ‘काढतो’. कानडीत तसे नाही. फोटो ‘तेगेयोदु’, म्हणजे काढणे. चित्र मात्र ‘बरेयोदु’, म्हणजे लिहिणे. घरात दोन्ही भाषा रोज कानावर पडतात, तरी हा भेद मला कधी जाणवला नव्हता. एका क्षणात काढता येतो तो फोटो. लिहायचे म्हटले की बसावे लागते. हे तिला सांगितले तर हसली. संध्याकाळी शहापुरात जाऊन पासष्ट रुपयांची वही आणि दोन फोरबी पेन्सिली घेऊन आली. नियम तिनेच ठरवला: कुठेही गेले तरी आधी अर्धा तास चित्र, मग तीनच फोटो.

पहिली फेरी किल्ल्यातल्या कमल बस्तीची. रट्ट राजवटीत 1204 साली बांधलेले हे नेमिनाथांचे मंदिर. बाहेरच्या उन्हातून आत गेले की आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू काळे गुळगुळीत खांब दिसू लागतात आणि छतातून खाली उतरलेले दगडी कमळ. त्याच्या बहात्तर पाकळ्यांत भूत, वर्तमान आणि भविष्य काळातले प्रत्येकी चोवीस तीर्थंकर आहेत, असे सांगतात. अंधारात मोबाईलचा फोटो गढूळच येत होता. चित्रासाठी ती खाली फरशीवर बसली आणि पाकळ्या मोजता मोजता मान अवघडली. पण दगडाची कड कुठे उजळते आणि कुठे विरते, हे तिला त्या अर्ध्या तासात कळले. नंतर काढलेले तीन फोटो पहिल्यापेक्षा बरे आले, कारण कुठे उभे राहायचे ते आता ठाऊक होते.

बाहेर आल्यावर तिला एक जुनी हकिगत सांगितली. जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीचा पहिला हंगाम केला तो बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांत, 1874 सालच्या जानेवारी ते मे या महिन्यांत. म्हणजे आपल्याच उन्हात. त्यांच्या अहवालात छायाचित्रे आहेत आणि हाताने काढलेल्या आकृत्याही. कॅमेरा हाताशी असूनही त्यांना रेखाटनाची गरज वाटली. पुढच्या काळातले उदाहरण फ्रान्सच्या आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे. जगाने ज्यांना छायाचित्रकारांचा गुरू मानले, ते तरुणपणी चित्रकला शिकले होते आणि उतारवयात कॅमेरा बाजूला ठेवून पुन्हा पेन्सिलीकडे वळले.

यासाठी लांब कशाला जायचे? आपल्या गावात के. बी. कुलकर्णी होऊन गेले. बेळगावात जन्मलेले आणि 2022 साली पुण्यात निवर्तलेले रवी परांजपे हे त्यांचेच विद्यार्थी. धारवाडात डी. व्ही. हळभावी यांनी कलाशाळा उभी केली. सीमेच्या या बाजूला चित्रकलेची परंपरा नाही असे म्हणणाऱ्याने ही नावे आठवावीत. एका रविवारी पहाटेच्या गाडीने आम्ही दोघी कोल्हापूरला गेलो. मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये शिकून आबालाल रहिमान कोल्हापुरात परतले आणि 1931 साली वारेपर्यंत कोटितीर्थ, रंकाळा हाच परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. रंकाळ्याच्या काठी बसून भाचीने संध्यामठाचे चित्र काढायला घेतले. दोनदा खोडले. “रोज तेच पाणी रंगवायला कंटाळा कसा आला नसेल?” असे सकाळी विचारणारी पोरगी दुपारी म्हणाली, “अत्ती, सकाळचं पाणी वेगळं होतं.”

पण त्या वहीतले सर्वांत चांगले पान वडगावचे आहे. आपल्या शहापूर, वडगाव, खासबागेत आजही साड्या विणल्या जातात. बहुतेक ठिकाणी यंत्रमाग, हातमाग थोडेच. एका गल्लीत तो खडखडाट ऐकून ती दारात थांबली आणि सवयीने मोबाईल वर केला. आतले वयस्क विणकर चिडले. “फोटो बॅडा,” म्हणाले. लोक येतात, फोटो काढतात, निघून जातात, पुढे त्याचे काय होते ते कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तिने मोबाईल पिशवीत टाकला आणि वही दाखवून कानडीत विचारले, “चित्र बरीलेनु?” मग तेही निवळले. “बा तंगी, कुंदर,” म्हणून त्यांनी पोते अंथरून दिले. आतल्या बाजूला एक जुना हातमाग होता, त्याच्यासमोर ती दोन तास बसली. मराठीत माग आणि कानडीत मग्ग. शब्दही शेजारीच बसलेले. चहा आला, सुनेने नाव-गाव विचारले, नातवंडे वहीवर वाकली. निघताना विणकर आपणहून म्हणाले, आता फोटो काढ.

लष्करी हद्दीत फोटोला मनाई असते आणि ती आपण निमूट पाळतो. माणसाच्या दाराशी मात्र कुठलाच फलक नसतो, म्हणून तिथे आपण विचारत नाही. विचारायला त्या माणसाची भाषा लागते. भाचीकडे ती होती. आपल्या घरातल्या मुलांकडे दोन भाषा आहेत म्हणजे या गावातली दुप्पट दारे त्यांना उघडी आहेत. हे धन आपण फक्त भांडणात मोजतो.

मे संपता संपता दोनदा वळीव पडला आणि तिचे वडील तिला न्यायला आले. जेवणे झाल्यावर ती भांडी पुसत स्वयंपाकघरातच घुटमळत होती. वही टेबलावर होती. त्यांनी ती उचलली आणि पाने उलटू लागले. कमळावरून पुढे गेले, रंकाळ्यावरून पुढे गेले, मागाच्या पानावर थांबले. त्यांचे वडील गुळेदगुड्डला खणाच्या मागावर बसत. आपल्या चोळीचा खण ज्या गावाचा, तेच हे गाव. बऱ्याच वेळाने त्यांनी हाक मारली, “इदु नी बरदिद्देनु?” तिने मान हलवली. मग म्हणाले, “पायाखालच्या पट्ट्या कुठे आहेत? त्या दाबल्याशिवाय धोटा जाईल कसा?” आणि तिची पेन्सिल घेऊन त्यांनी त्या पट्ट्या कुठे असतात ते दोन रेघांत दाखवले. बापाच्या हातातली ती पेन्सिल बघून माझ्या नवऱ्याने चष्मा काढून पुसला.

त्यांनी लगेच होकार दिला, असे काही झाले नाही. इंजिनीअरिंगच्या जागेची खटपट चालूच राहिली. पण दृश्यकलेच्या पदवीचा अर्जही भरला गेला आणि त्याची फी त्यांनीच भरली. पुढे काय ठरेल ते बाप-लेक ठरवतील. महिनाभर थांबलेले बोलणे सुरू झाले, हे मला मोठे वाटते. आपली मुलगी रिकामटेकडी नाही, ती काहीतरी शिकते आहे, हे त्यांना कुणी सांगून पटले नसते. ते पानावर दिसले.

तुमच्याही घरी असे एखादे मूल असेल. त्याला शिबिरात जरूर घाला, पण एखादा रविवार गावासाठी राखून ठेवा. वही, पेन्सिल, पाण्याची बाटली आणि डोक्याला टोपी एवढे पुरते. सकाळी लवकर निघा, दुपारच्या आत परता. आणि कुणाच्या दारात बसायचे असेल तर आधी विचारा. मराठीत विचारा की कानडीत, ते दार बघून ठरवा.