ब्राउझरचं नवं रूप आवडलं नाही, म्हणून अपडेट बंद करायचं का?

एखाद्या सकाळी कॉम्प्युटर सुरू करावा आणि रोजचा ब्राउझर ओळखूच येऊ नये. टॅबचे कोपरे गोल झालेत, बटणं मोठी झालीत, मेनूतल्या ओळींमधलं अंतर वाढलंय आणि ओळखीचं चिन्ह भलत्याच जागी गेलंय. मग फेसबुकवर किंवा एक्सवर पोस्ट पडते : "जुनं रूप परत कसं आणायचं?" खाली उत्तरांची रांग लागते. कुणी म्हणतं, आठवड्यात सवय होईल. कुणी म्हणतं, दुसरा ब्राउझर घे. आणि एक उत्तर हमखास असतं : "जुनी आवृत्ती टाक आणि ऑटो-अपडेट कायमचं बंद करून ठेव."

हे शेवटचं उत्तर सगळ्यात सोपं वाटतं, पण तेच सगळ्यात महागात पडू शकतं. कारण ब्राउझर आता नुसता 'इंटरनेट बघायचा' प्रोग्राम राहिलेला नाही. नेटबँकिंग, आयकर विवरणपत्र, मुलांचे प्रवेश अर्ज, ऑफिसचा मेल आणि या सगळ्यांचे पासवर्ड त्याच एका खिडकीत असतात. म्हणून नवं रूप आवडलं नाही तर नेमकं काय करायचं, हे नीट समजून घेऊ.

अपडेटमध्ये नेमकं काय येतं?

ब्राउझरच्या अपडेटमध्ये साधारण तीन प्रकारच्या गोष्टी असतात. पहिली, दिसणं : रंग, चिन्हं, टॅबचा आकार. दुसरी, सोयी : नवी बटणं, टॅबचे गट, अलीकडे एआयची मदत. तिसरी, सुरक्षेच्या दुरुस्त्या : ज्या फटीतून कुणी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरू शकेल, ती बुजवणं.

अडचण अशी की या तिन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात येतात. 'मला फक्त दुरुस्त्या द्या, रंग जुनाच ठेवा' असं सांगायची सोय सहसा नसते. आपल्याला दिसतो तो बदललेला रंग. बुजवलेली फट दिसत नाही. त्यामुळे राग रंगाचा येतो आणि तो निघतो अख्ख्या अपडेटवर.

सप्टेंबर २०२३ मध्ये काय झालं होतं?

ही गुंतागुंत समजायला सप्टेंबर २०२३ चं उदाहरण चांगलं आहे. क्रोमला १५ वर्षं पूर्ण झाली म्हणून त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गूगलने त्याचं नवं रूप जाहीर केलं : नवी चिन्हं, नवे रंग, बदललेला मेनू. ते हळूहळू लोकांपर्यंत पोचू लागलं आणि नेहमीप्रमाणे तक्रारीही सुरू झाल्या.

त्याच महिन्यात, ११ सप्टेंबरला, गूगलने क्रोमसाठी तातडीची दुरुस्ती दिली. 'वेबपी' प्रकारची चित्रं उघडणाऱ्या 'लिबवेबपी' या कोडमध्ये गंभीर दोष सापडला होता. मुद्दाम बिघडवलेलं चित्र असलेलं पान नुसतं उघडलं, तरी हल्लेखोराला शिरकाव करता येण्याची शक्यता होती. ॲपलच्या सुरक्षा विभागाने आणि टोरांटो विद्यापीठातल्या 'सिटिझन लॅब'ने हा दोष कळवला होता. त्याचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू असल्याचं गूगलनेही मान्य केलं होतं.

हा कोड एकट्या क्रोममध्ये नव्हता. फायरफॉक्स, एज, ब्रेव्ह, ऑपेरा या सगळ्यांना दुरुस्ती द्यावी लागली. म्हणजे त्या महिन्यात 'नवं क्रोम नको' म्हणून ज्याने अपडेट थांबवलं, त्याने गोल कोपऱ्यांसोबत ही दुरुस्तीही नाकारली.

दुरुस्ती जाहीर झाली की धोका वाढतो, तो कसा?

हे ऐकायला उलटं वाटेल, पण खरं आहे. क्रोमचा गाभा असलेला क्रोमियम आणि फायरफॉक्स यांचा कोड सर्वांसाठी खुला आहे. दुरुस्ती आली की जाणकार माणूस जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून फट कुठे होती ते शोधू शकतो. ज्यांनी अपडेट घेतलं, त्यांच्यासाठी ती फट बंद झालेली असते. ज्यांनी घेतलं नाही, त्यांच्या घराचं कोणतं दार उघडं आहे, हे मात्र आता जाहीर झालेलं असतं.

म्हणूनच गूगलने ऑगस्ट २०२३ पासून क्रोमला सुरक्षा दुरुस्त्या दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली. दुरुस्ती तयार होणं आणि ती लोकांपर्यंत पोचणं, यातला वेळ कमी करणं हा त्यामागचा हेतू होता.

'क्रोम वापरणाऱ्यांना सरकारचा इशारा' अशा बातम्या तुम्ही पाहिल्या असतील. केंद्र सरकारची 'सर्ट-इन' ही संस्था अशा दोषांबद्दल सूचना काढते. मथळा घाबरवणारा असला तरी त्यातला उपाय बहुतेक वेळा एका ओळीचा असतो : नवी आवृत्ती घ्या.

मग चिडणाऱ्या लोकांचं चुकतं का?

अजिबात नाही. अनेकांना बटणं नावाने नव्हे, जागेने लक्षात असतात. 'वर उजवीकडे, तिसरं' असं ठरलेलं असतं. साठीपुढच्या माणसाने कष्टाने बसवलेली ही घडी एका रात्रीत मोडली, तर 'मला आता हे जमत नाही' असं म्हणून तो बँकेचं काम पुन्हा दुसऱ्याच्या हातात देतो. ज्यांना कमी दिसतं किंवा ज्यांचा लॅपटॉप लहान आहे, त्यांच्यासाठी जाड झालेली टॅबपट्टी म्हणजे वाचायची कमी झालेली जागा.

फायरफॉक्समध्ये हे वारंवार घडलं आहे. एप्रिल २०१४ मध्ये २९ व्या आवृत्तीत 'ऑस्ट्रेलिस' नावाचं रूप आलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ वी, म्हणजे 'क्वांटम' आवृत्ती आली. तिने वेग वाढवला, पण जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शन्स बंद पडली. जून २०२१ मध्ये ८९ व्या आवृत्तीत 'प्रोटॉन' आलं. टॅब सुटे दिसू लागले, पट्टी जाड झाली आणि कमी जागा घेणारा 'कॉम्पॅक्ट' पर्याय नेहमीच्या यादीतून काढला गेला.

तक्रारींचा उपयोग होत नाही, असंही नाही. २०२१ मध्येच ॲपलने आयफोनवरच्या सफारीत पत्त्याची पट्टी वरून खाली आणली. चाचणीच्या काळातच जोरदार टीका झाली आणि सप्टेंबरमध्ये आयओएस १५ आलं तेव्हा पट्टी परत वर नेण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये होता. म्हणून ब्राउझरच्या 'फीडबॅक'मध्ये चार ओळी लिहिणं वाया जातंच असं नाही. 'जुनंच बरं होतं' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'माझ्या १३ इंची स्क्रीनवर वाचायची जागा कमी झाली' असं नेमकं लिहिलेलं जास्त उपयोगी.

जुनं रूप परत आणता येतं का?

काही प्रमाणात, आणि बहुधा तात्पुरतं. क्रोमच्या 'फ्लॅग्ज' पानावर नव्या रूपानंतर काही महिने ते बंद करायची सोय होती, पुढे ती काढून टाकली. फायरफॉक्समध्येही प्रोटॉन बंद करायची खिटी काही आवृत्त्यांपुरतीच टिकली. अशा खिट्या चाचणीसाठी असतात, त्यांच्यावर कायमचं विसंबून राहू नये.

टिकणारे उपाय साधे आहेत. थीम बदला, पट्टीवरची नको असलेली बटणं काढा, अक्षरांचा आकार वाढवा, बुकमार्कची पट्टी कायम दिसेल असं करा. पंधरा मिनिटांच्या या कामाने निम्मा त्रास कमी होतो.

फायरफॉक्स वापरणाऱ्यांसाठी आणखी एक मार्ग आहे : 'ईएसआर', म्हणजे दीर्घ मुदतीची आवृत्ती. ती मुख्यतः कार्यालयांसाठी आहे, पण कुणीही घेऊ शकतं. तिच्यात सुरक्षा दुरुस्त्या नियमित येतात आणि दिसण्यातले मोठे बदल साधारण वर्षातून एकदाच. 'दुरुस्त्या द्या, रंग जुना ठेवा' या मागणीच्या सगळ्यात जवळ जाणारा पर्याय हाच.

ब्राउझर बदलायचा तर कुठे जायचं?

इथे एक गोष्ट माहीत हवी. ब्राउझर बरेच आहेत, पण त्यांच्या आतली इंजिनं मोजकीच. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी आणि सॅमसंग इंटरनेट हे सगळे क्रोमियमवर चालतात. फायरफॉक्सचं इंजिन गेको, सफारीचं वेबकिट. भारतात आयफोनवर कुठलाही ब्राउझर घेतला तरी आत वेबकिटच असतं.

म्हणजे क्रोमवरून ब्रेव्हवर गेलात तर दिसणं आणि काही धोरणं बदलतील, पण वेबसाइट जवळजवळ तशाच चालतील. ही सोयही आहे आणि मर्यादाही. क्रोमियममध्ये गंभीर दोष निघाला तर या सगळ्यांनाच अपडेट लागतं.

बदल करावा अशी खरी कारणं कोणती? एक, तुम्हाला लागणारी सोय काढून टाकली जाणं. क्रोमने 'मॅनिफेस्ट व्ही३' हे नवे नियम लागू केल्यावर जाहिराती रोखणारं 'यूब्लॉक ओरिजिन' त्यात चालेनासं झालं आणि त्याची मर्यादित 'लाइट' आवृत्ती उरली. फायरफॉक्समध्ये मूळ यूब्लॉक अजून चालतं. ज्याला ते हवंच आहे, त्याच्यासाठी हे रंगापेक्षा कितीतरी मोठं कारण आहे. दोन, तुमच्या माहितीबद्दलचं धोरण न पटणं. तीन, तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवर अपडेटच न मिळणं. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ वी आवृत्ती शेवटची ठरली. अशा मशीनसाठी मोझिलाने फायरफॉक्सच्या ११५ ईएसआर शाखेची मुदत वेळोवेळी वाढवली. पण हा श्वास घ्यायला मिळालेला वेळ आहे, कायमचा उपाय नाही.

नुसत्या दिसण्यासाठी बदलत असाल, तर हे लक्षात घ्या की नव्या ठिकाणीही रूप बदलतच राहणार. आणि नवा ब्राउझर टिकेल का, हेही बघा. देखण्या मांडणीमुळे गाजलेल्या 'आर्क' ब्राउझरमध्ये नव्या सोयी आणणं त्याच्या कंपनीने काही वर्षांतच थांबवलं आणि 'डिया' या दुसऱ्या ब्राउझरकडे लक्ष वळवलं.

बदलताना काय सांभाळायचं?

• नवा ब्राउझर फक्त त्याच्या अधिकृत साइटवरून किंवा प्ले स्टोअर, ॲप स्टोअरवरून घ्या. 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, इथे क्लिक करा' असं एखादं वेबपान सांगत असेल तर ते बंद करा. खरं अपडेट ब्राउझरच्या मेनूतून किंवा स्टोअरमधून येतं. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलीतून कधीच नाही.

• बुकमार्क आणि पासवर्ड 'इंपोर्ट'ने आणता येतात. पासवर्डची फाइल स्वतः उतरवून घेतलीत, तर त्यात सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. काम झालं की ती लगेच पुसा, रीसायकल बिनमधूनही.

• जुना ब्राउझर महिनाभर ठेवा. बँकेचं किंवा सरकारी पोर्टल नव्यात नीट चालतं का, ते घाईची वेळ नसताना तपासा. पण जो ब्राउझर ठेवाल, तोही अपडेट करत राहा.

• फेसबुक किंवा इन्स्टाग्राममध्ये लिंक दाबली की पान अनेकदा त्या ॲपच्या आतच उघडतं. तिथे तुमचा लाडका ब्राउझर नसतो. अँड्रॉइडवर ही पानं अनेक ॲप्समध्ये 'अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू' उघडतो. प्ले स्टोअरमध्ये तोही अपडेट करा आणि पैशांचं काम असेल तर पान खऱ्या ब्राउझरमध्ये उघडा.

आज काय करायचं?

ब्राउझरच्या मेनूत 'हेल्प' आणि मग 'अबाउट' उघडा. नवी आवृत्ती असेल तर तिथेच ती उतरू लागते. पण ती लागू होते ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्यावर. ज्यांचे पन्नास टॅब आठवडेच्या आठवडे उघडे असतात, त्यांच्याकडे दुरुस्ती येऊनही लागू झालेली नसते. टॅब जातील ही भीती असेल तर सेटिंग्जमध्ये 'मागचे टॅब पुन्हा उघडा' हा पर्याय आधी निवडा.

त्यानंतर नव्या रूपाला दोन आठवडे द्या. तरीही रोजचं काम अडत असेल, तर ब्राउझर खुशाल बदला. घरातल्या मोठ्यांच्या कॉम्प्युटरवर हे अपडेट येणार असेल, तर त्या दिवशी त्यांच्याजवळ बसा, कोणतं बटण कुठे गेलं ते दाखवा आणि त्यांच्याच हाताने दोनदा करून घ्या. नाहीतर पुढच्या वेळी त्यांनाही कुणीतरी सांगेल, 'अपडेट बंद करून टाका'.