एका पराभवाने घरी का?

आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत बाद पद्धतीने 16 संघ उतरले, तर 15 सामन्यांत विजेता ठरतो. परंतु 8 संघ पहिल्याच सामन्यानंतर बाहेर पडतात. तुमसर, पवनी वा साकोलीहून नागपूरला जायचे आणि एक सामना हरून एस.टी.ने परतायचे, यास स्पर्धा कसे म्हणावे?

माझ्या मते चार-चार संघांचे चार गट पाडून आधी साखळी सामने खेळवावेत व गटविजेत्यांची उपांत्य फेरी घ्यावी. प्रत्येक संघास किमान तीन सामने मिळतील. एकूण सामने 27 होतील. मुक्कामाचा खर्च वाढेल, हे मान्य. पण दोन मैदाने असल्यास तीन दिवस पुरेत. आयपीएलमध्येसुद्धा 2011 पासून साखळीतील पहिल्या दोन संघांना बाद फेरीत पराभवानंतर दुसरी संधी मिळते. मग शिकणाऱ्या खेळाडूंनाच ती का नसावी?